घरच्या भावातलं टायर

काटेवाली फाटकाजवळ उकिडवी बसली, मोटारसायकलच्या मागच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि बाजूला थुंकली. मधला पट्टा पार गोटा झाला होता. कडांना तेवढी नक्षी शिल्लक होती, टकलाच्या कानांवर केस उरतात तशी.

"चालेल की अजून थोडं," नवरा दारातून म्हणाला.

"तुमचं डोकं चालतंय म्हणून हे चालणार नाही. तुम्हाला घाट उतरायचा नसतो डोक्यावर."

नवऱ्याने टकलावरून हात फिरवला आणि गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. जन्मभर पोस्टमन होता. दुसऱ्यांचं बोलणं पोचवायचं आणि आपलं पोटात ठेवायचं, हीच नोकरी.

तिचं उलट. सातवीत शाळा सुटली, पण वजनमापांचा कायदा तिने व्यापाऱ्यांशी भांडून भांडून पाठ केला होता. वजनकाटे दुरुस्त करायचे आणि तपासून द्यायचे, हा तिचा धंदा. गिरण्या, भंगारवाले, गोदामं, शीतगृहं, कुठेही. काटा मारणारे लोक तिला दुरून ओळखत. कारण ती यायच्या आधी तिची गाडी ऐकू यायची.

गाडी म्हणजे लांबच्या प्रवासाची, धिप्पाड, दोन्ही अंगांना लोखंडी पेट्या असलेली मोटारसायकल. एका दातांच्या डॉक्टरने जग फिरायला म्हणून घेतली होती. त्याचं जग गल्लीच्या टोकापर्यंतच निघालं. तिथे गाडी आडवी झाली, डॉक्टरच्या पायाला प्लास्टर लागलं आणि काटेवालीने ती धूळ खात पडलेली उचलली. आता त्या पेट्यांत तपासणीची लोखंडी वजनं असत, मागच्या सीटवर नवरा असे आणि नवऱ्याच्या मांडीवर पितळी वजनांची छोटी पेटी. एवढा सगळा भार मागच्या एका टायरवर.

आणि जायचं होतं डोंगरापलीकडे. तिकडच्या गोदामांमधले हमाल उचललेल्या वजनावर मजुरी घेत. काटा कमी दाखवायला लागला की त्यांच्या पाठीतून मजुरी चोरीला जायची, रोज, प्रत्येक पोत्यामागे. दरवर्षीची तपासणी तिचीच होती. यंदा गोदामवाल्यांनी सांगून ठेवलं होतं: आठवडा संपायच्या आत आलात तर ठीक, नाहीतर आम्ही एका कंपनीची गाडी बोलावतो. ती कंपनी कशी तपासते हे तिला माहीत होतं. काट्याकडे न बघता शिक्का मारते.

तेव्हा टायर हवं होतं. लवकर, आणि परवडेल असं.

पहिल्यांदा ती मोठ्या शोरूममध्ये गेली. आत इतका गारठा होता की टायरांनाच सर्दी व्हावी. गुळगुळीत दाढीचा एक पोरगेला विक्रेता पुढे आला, तिला ओलांडून नवऱ्यासमोर उभा राहिला आणि हात जोडले. "सर, गाडी आपली का?"

"नाही," पोस्टमन म्हणाला. "मी सामान आहे."

विक्रेता हसला, पण बोलत राहिला नवऱ्याशीच. मध्ये कडक रबर, कडांना मऊ रबर, पावसात पाणी कसं फेकतं, अमुक देशातून येतं. काटेवालीने किंमत विचारली. त्याने किंमत नवऱ्याला सांगितली. पोस्टमनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. किंमत तीच होती.

"याहून कमीतलं?"

"मॅडम," आता कुठे त्याला ती दिसली, "जिवाच्या बाबतीत कमीतलं बघू नये. काय आहे, घरी माणसं वाट बघत असतात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे ज्याच्या खिशात एवढे नाहीत त्याच्या घरी कोणी वाट बघत नसतं का रे? भीती विकतोस होय? भीतीला वेगळा कर लावतोस की टायरमध्येच धरतोस?"

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "टायर चांगलं होतं पण."

"होतं. म्हणून तर जास्त चीड येते."

मग कोणीतरी सांगितलं, मोठ्या गाड्यांवर फिरणाऱ्यांचा क्लब आहे, रविवारी हमरस्त्यावरच्या चहावाल्याकडे जमतात, त्यांना विचारा. ती गेली. वीसेक पोटं चामड्याच्या जाकिटांत कोंबून उभी होती. त्यांचा म्होरक्या स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायचा. आयुष्य विमा विकण्यात गेलं होतं. त्याने तिच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, बायकोला नवं दुकान दाखवावं तशा प्रेमाने तिला आपल्या गाडीकडे नेलं आणि मागचं चाक दाखवलं.

"हे बघा. कारचं टायर. आपल्या मापाचं मिळतं, अर्ध्या किमतीत, आणि चालतं दुप्पट. आम्ही सगळे हेच घालतो. कंपन्या लुटतात हो!"

लुटतात, यात वाद नव्हता. ती खाली वाकली. टायर सपाट होतं, कडा चौकोनी. मोटारसायकलचं टायर गोल असतं, कारण मोटारसायकल वळताना झुकते. कार झुकत नाही.

"वळणावर काय करता?"

"थोडा जोर लावावा लागतो. सवय होते."

"म्हणजे गाडी झुकली की टायर कडेवर उभं राहतं. टेबलाच्या कडेवर उभं राहावं तसं."

"अहो, बारा वर्षांत काही झालं नाही मला!"

"मागे कोण बसतं तुमच्या?"

कॅप्टन जरा अडखळला. "मागे... नाही, बायकोला आवडत नाही फिरायला."

"शहाणी आहे," काटेवाली म्हणाली. मागे कोणीतरी चहाच्या कपात हसलं. विमा विकून विकून या माणसाला वाटायला लागलं होतं की अपघात हा कागदावरच होतो. जाकिटं मात्र महागातली होती सगळ्यांची. अंगावरच्या चामड्यासाठी पैसे आणि जमिनीला टेकणाऱ्या रबरासाठी घासाघीस! तिला चहासुद्धा कडू लागला.

जुन्या बाजारात तर ती नाकाला पदर लावूनच फिरली. ताडपत्रीखाली टायरांच्या चळती, सगळी काळीकुळकुळीत, नवरीसारखी नटवलेली. जवळ गेलं की रॉकेलचा आणि बुटांच्या पॉलिशचा वास. एका कोपऱ्यात एक माणूस पेटत्या शेगडीवर सुरी तापवून गोटा टायरवर नवी नक्षी कोरत होता. हात सुरेख चालत होता त्याचा. हेच हात लाकडावर चालले असते तर लोकांनी कौतुक केलं असतं.

"ताई, तुमचंच द्या ना. नवं करून देतो."

"आतलं कापड दिसायला लागेल."

"दिसलं तर काळा रंग मारतो वर. आपलं काम एकदम साफ."

"आणि माणूस मेला तर?"

तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "मेलेला माणूस तक्रार करायला कुठे येतो?" वाईट हेतूने बोलला नव्हता. धंद्यातला अनुभव सांगत होता. म्हणूनच तिला जास्त किळस आली.

त्या संध्याकाळी नवऱ्याने हळूच विषय काढला. "धाकट्याला विचारलं असतं तर..."

धाकटा म्हणजे तिचा दीर. टायरचंच दुकान त्याचं, खाली दुकान आणि वर घर. ती त्याच्याकडे मुद्दाम जात नव्हती. घरच्या माणसाशी भाव करता येत नाही, भांडता येत नाही, आणि वरून उपकारही मानावे लागतात.

"आपलाच माणूस आहे," नवरा म्हणाला. पण म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. चपला नीट लावत होता. तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही. आठवडा संपत आला होता, आणि दिवसभराच्या काळ्या वासाने तिचं डोकं उठलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने चाक सोडवलं आणि दोघं ते टेम्पोत घालून दुकानात घेऊन गेले. दीर धावत बाहेर आला. "वहिनी! आधी का नाही सांगितलंत? वणवण करत फिरलात म्हणे. तुमच्यासाठी एक टायर राखून ठेवलंय मी. घरच्या भावात. पैशांचं नंतर बघू."

"दाखवा तरी."

"दाखवायचं काय त्यात? जोडूनच देतो. तुम्ही वर जा, तुमची जाऊ वाट बघतेय. दादा, तूही जा."

त्या दुकानाची रीतच होती तशी: सुटं टायर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, चाकावर चढवून, हवा भरून, पुसून द्यायचं. लोकांना ते आवडायचं. केवढी सेवा, म्हणायचे. आणि जी बाई झाकण उघडून आतली कळ बघितल्याशिवाय एका काट्याला हात लावत नसे, ती त्या दिवशी चाक ठेवून जिना चढली. जाऊबाईने बोलावलं होतं, आणि घरच्या माणसाच्या हातात काय बघायचं, असं तिलासुद्धा वाटलं.

जाऊबाई गरीब स्वभावाची, बडबडी. नवी गाडी घेतल्याचं सांगत होती. चारचाकी. "रंग मी पसंत केला बाई. यांना पांढरा हवा होता. म्हटलं, पांढऱ्यात आपण रुग्णवाहिकेसारखे दिसू."

ती आणि नवरा खाली आले तेव्हा चाक तयार होतं, भिंतीला टेकवून ठेवलेलं, चकचकीत. माप बरोबर होतं. नक्षी खोल होती. दीर हात पुसत बाजूला उभा राहिला, फोटो काढायला उभं राहतात तसा.

तिने अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

तिने वास घेतला. रॉकेल आणि पॉलिश.

"पुसलंय जरा," दीर म्हणाला. "धूळ बसते हो गोदामात."

तिने चाक धरलं आणि भिंतीपासून वळवून दुसरी बाजू समोर आणली. टायर कधी बनलं ते एका छोट्या लांबट चौकटीत कोरलेलं असतं, एकाच बाजूला. तिथे चौकट नव्हती. तिथे घासून काढलेला एक गुळगुळीत पट्टा होता आणि त्यावर काळा रंग. तिने नख रोवलं. रबरात नख रुतायला हवं; हे घोड्याच्या टापेसारखं टणक होतं. खाचांच्या तळाशी बारीक भेगा पडलेल्या, त्यांत रंग भरलेला.

"किती वर्षं पडलंय हे?"

"वहिनी, रबराला वय नसतं."

"मग वय खरवडलं कशाला?"

कोपऱ्यात तिचं जुनं टायर पडलं होतं. ती त्याच्याकडे गेली, वाकून बघितलं, परत आली, नव्याकडे बघितलं. मापापुढे एक छोटा आकडा असतो; टायर किती भार उचलेल ते त्यावरून कळतं. दोन्ही टायरांचं माप एक होतं. आकडा एक नव्हता. नव्यावरचा बराच कमी होता. हलक्या गाडीचं टायर होतं ते, एकट्याने फिरणाऱ्याचं. तिच्या गाडीला ते बसलं असतं. पेट्या, वजनं, ती आणि पोस्टमन, हे सगळं घेऊन तापलेल्या घाटात किती वेळ टिकलं असतं, ते देवच जाणे.

"हा आकडा नाही खरवडला तो?"

दीर आता वैतागला होता. "तो कोणी वाचत नाही, वहिनी!"

"काय सांगता!"

"अहो, दिसतो तरी का कोणाला? एवढे लोक नेतात माझ्याकडून, आजवर एकाने विचारलं नाही. तुम्ही म्हणजे ना, घरच्या माणसालासुद्धा काट्यावर चढवता."

त्याने बोलायला नको होतं ते. गोदामात काटा तपासायच्या आधी तिची एक रीत होती: वजनं ठेवण्याआधी मालकाने स्वतः काट्यावर उभं राहायचं. मालकाला आपलं वजन माहीत असतं आणि काट्यात काय केलंय तेही माहीत असतं. जो स्वच्छ असतो तो उभा राहतो आणि पोटावरून हसतो. ज्याच्या मनात काळं असतं त्याला त्याच दिवशी गुडघेदुखी होते.

"चढवते," ती म्हणाली. "भाऊजी, चाक घेऊन घरी चला. बसवू. पेट्या भरू. दादांच्या जागी मागे तुम्ही बसा. घाट उतरू, पलीकडे चहा पिऊ, परत येऊ. आलो परत, तर टायर घेते आणि चार लोकांत तुमचं नाव घेते."

"आत्ता? दुकान कोण बघेल?"

"मी बघते की," जाऊबाई जिन्यावरून म्हणाली. हातात चहाचा ट्रे. तिला वाटलं सहल निघालीय. "जा हो, बसा वहिनींच्या मागे. कधी कुठे जात नाही तुम्ही."

"माझी कंबर..."

"कंबरेला काय झालं? सकाळी तर टायर उचलत होता."

दीर लाल झाला. जाऊबाईने नवऱ्याकडे बघितलं, मग काळ्या अंगठ्याकडे, मग चाकाकडे. बडबड्या माणसाला लोक मठ्ठ समजतात. ती मठ्ठ नव्हती. ट्रे तिने एका टायरांच्या चळतीवर ठेवला.

"आपल्या नव्या गाडीला कुठली टायरं आहेत हो?"

"तुला काय करायचंय?"

"मी बसते तिच्यात. आई बसते माझी."

"आपल्या गाडीचं वेगळं आहे! आपली कंपनीची आहेत, खरी!"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. आपल्या गाडीला खरी. हे वाक्य तो अभिमानाने बोलला होता, बायकोची समजूत घालायला, आणि तोंडातून निघाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. काटेवालीला वाटलं, बाजारातला तो सुरीवाला बरा. तो निदान कोणाला वहिनी म्हणत नव्हता.

"उतरवा ते," ती म्हणाली.

"वहिनी, गैरसमज..."

"उतरवा."

त्याने यंत्रावर चाक चढवलं आणि टायर उतरवलं. टायर सुटं झालं तशी तिने फळीवरची सुरी घेतली, त्याचीच, रबर कापायची, आणि टायरची कड आरपार चिरली. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"अहो! काय केलंत हे!" दीर ओरडला. "ते दुसऱ्या कोणाला विकलं असतं मी!"

"तेच तर."

"दादा! बघत काय बसलायस? सांग हिला काहीतरी! माझ्या दुकानात येऊन माझा माल कापते?"

पोस्टमन फरशीकडे बघत होता. फरशीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

रिम रस्त्यावर लोळवता येत नाही, वाकडी होते. म्हणून चाकाच्या मधल्या भोकातून पहार घातली आणि दोघं दोन टोकं धरून चाक लटकवत घरी निघाले. लोक वळून बघत होते. ती तावातावाने बोलत होती, की उद्या तक्रार करते, परवा दुकानासमोर बसते, याचं दुकान बंद पाडते. नवरा हूं-हूं करत होता. सिग्नलपाशी थांबले तेव्हा तो म्हणाला, "मला थोडा अंदाज होता."

"कसला?"

"त्याचा. मागे एकदा दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो होतो. रंगाचे डबे होते. घासायचं यंत्र होतं."

सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले.

"आणि मला बोलला नाहीत."

"भाऊ आहे माझा. तुझ्यासमोर त्याची..." त्याला शब्द सापडला नाही. "मला वाटलं, आपल्याला तरी नीट देईल."

"आणि नसतं दिलं तर?"

"तर काय. तू चालवतेस नीट."

"त्या टायरवर बसला असतास तू? माझ्या मागे? पितळी पेटी मांडीवर घेऊन?" अहोजाहो कुठल्या कुठे गेलं होतं.

पोस्टमनने थोडा विचार केला. खोटं बोलणं त्याला जमत नसे, तेवढाच एक गुण. "बसलो असतो," तो म्हणाला.

तिने पहारेचं आपल्याकडचं टोक सोडून दिलं. चाक दाणकन खाली आलं, पहार त्याच्या नडगीवर बसली. ती रस्त्याच्या कडेला गेली आणि तिला खरंच ओकारी आली. दीर चोर निघाला, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. चोरांशी रोजची गाठ होती. पण ज्याला ती इतकी वर्षं आपल्या पाठीशी बांधून घाट उतरत होती, तो माणूस भावाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसून दोघांना दरीत घेऊन गेला असता, तेही अगदी नीट बसून, वळणावर बरोबर झुकून. असल्या चांगुलपणाची तिला जी किळस आली, तशी जुन्या बाजारातसुद्धा आली नव्हती.

"भाऊ आपला माणूस आहे ना?" ती तोंड पुसून म्हणाली. "त्याच्याकडेच जाऊन बस मग."

चाक तिने एकटीने खांद्यावर घेतलं.

एक दुकान उरलं होतं जिथे तिने पाय ठेवला नव्हता. पोलिसांच्या गॅरेजच्या मागे. पोलिसांच्या मोठ्या मोटारसायकलींना तिथून टायरं जात. मोर्च्यांत त्या मोटारसायकली हमालांच्या अंगावर घातलेल्या तिने बघितल्या होत्या, एकदा स्वतःच्या चपलेवरून चाक गेलं होतं. ती टायरं पुरवणाऱ्या दुकानात जायचं म्हणजे तिला आपल्याच तोंडात मारून घेतल्यासारखं होत होतं. गेली. दुकानदार आखडू होता, बस म्हणाला नाही, मॅडम म्हणाला नाही.

"कुठलं देऊ?"

"ते घालतात ते. वय कोरलेलं दाखवा. आकडा दाखवा."

त्याने सुटं टायर तिच्या पायाशी टाकलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. कोणी फुशारकी मारावी असं नाव नव्हतं. दिसायला ओबडधोबड, रबर कडक, पावसात जपून चालवावं लागणार. पण तारीख या वर्षाची, ठसठशीत, आणि भाराचा आकडा जुन्यापेक्षा एक पायरी वरच. अंगठा फिरवला, अंगठा स्वच्छ. किंमत शोरूमच्या निम्मी. तिने दोनदा उलटंसुलटं केलं, खोट सापडली नाही, याचाही तिला राग आला.

"यांना बरी स्वस्तात आणि नीट मिळतात," ती पैसे देताना म्हणाली.

"त्यांचे साहेब तपासून घेतात," दुकानदार म्हणाला. "शिपाई मेला तर त्यांना उत्तर द्यावं लागतं."

ती एकटीच निघाली. मागच्या सीटवर नवऱ्याच्या जागी पितळी पेटी दोरीने बांधली. नवरा दारात हेल्मेट हातात घेऊन उभा होता. तिने बघितलं नाही.

नवं टायर सुरुवातीला निसरडं असतं, म्हणून शहराबाहेर पडेपर्यंत ती हळूहळू गेली, गाडी थोडी इकडे थोडी तिकडे झुकवत. घाटात धुकं होतं, रस्ता ओला. टायरने धरून ठेवलं. कुरकुरलं, पण धरून ठेवलं. त्रास दिला तो पेटीने. पेटी झुकत नाही. प्रत्येक वळणाला मागचा भार ताठ बसून राहायचा आणि तिला एकटीला गाडी वळवायला लागायची. चौथ्या-पाचव्या वळणाला तिने मोठ्याने शिवी दिली. पेटीला की कोणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

गोदामात हमालांनी विचारलं, "दादा कुठे?"

"मोडीत काढलेत," ती म्हणाली आणि वजनं उतरवायला लागली. दोन काटे पोत्यामागे वजन मारणारे निघाले. मालकाला आधी काट्यावर उभं केलं; त्याचे गुडघे दुखत होते. तिने दोन्ही काटे सील केले. हमालांनी शिट्ट्या मारल्या. एरवी तिला मजा आली असती.

तीन-चार दिवसांनी परत आली तेव्हा घराचं दार बंद होतं. शेजारीण म्हणाली, "तुमचे ते दिराकडे असतात. सकाळी जातात, संध्याकाळी येतात."

म्हणजे खरंच गेला तर. गाडी वळवली ती भांडायलाच.

दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे नव्हे, अगदी दारात, पोस्टमन स्टुलावर बसला होता. डोक्यावर नोकरीतली जुनी टोपी, नडगीला पट्टी. एक माणूस टायर बदलायला स्कूटर ढकलत आणत होता. पोस्टमन उठला आणि दारोदार नावं पुकारायच्या त्या जुन्या आवाजात म्हणाला, "भिंतीकडची बाजू बघून घ्या! तारीख बघा! भाराचा आकडा बघा! अंगठा काळा झाला तर घेऊ नका!"

स्कूटरवाला थबकला. "तुम्ही कोण?"

"मी दुकानदाराचा मोठा भाऊ."

स्कूटरवाल्याने आत बघितलं, याच्याकडे बघितलं आणि स्कूटर पुढे ढकलत नेली.

"दादा!" आतून दीर किंचाळला. "लाज वाटते का? लोक हसतात आपल्या घराण्याला!"

"हसू देत," पोस्टमन म्हणाला. टोपी त्याने काढून परत घातली. "वाचून हसू देत."

जाऊबाई वरच्या खिडकीतून म्हणाली, "भाऊजी, पाणी पाठवू का? स्टूल हलतंय का? दुसरं देते."

काटेवालीने गाडी बंद केली. तो वळला.

"बोललो," तो म्हणाला.

"आता?"

"हो. आता."

"सिग्नलवर नाही. त्याच्या आधी नाही. चपला लावताना नाही."

"नाही," तो म्हणाला.

तिची किळस गेली नव्हती. ती अशी चार दिवसांत जात नाही. घशाशी राहते, रॉकेलच्या वासासारखी. पण घाटाची वळणंही तिच्या खांद्यांत अजून ठणकत होती. तिने दोरी सोडली, पितळी पेटी उचलली आणि त्याच्या छातीशी आदळली.

"धरा. आणि लगेच बसू नका. मी घेतलंय म्हणून बसायचं नाही, माझ्या मागे तर मुळीच नाही. आधी बघा."

पोस्टमनने पेटी स्टुलावर ठेवली, चष्मा नीट केला, दुखऱ्या पायाने रस्त्यावर गुडघे टेकले आणि भावाच्या दारात, सगळ्या गल्लीच्या देखत, मागच्या टायरवरची तारीख आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला.